अडथळा क्रमांक तीन

वाहतुकीच्या अहवालात, रस्त्यावर उभं राहून जागा अडवणाऱ्या गोष्टीला ऑब्स्ट्रक्शन म्हणतात. म्हणजे अडथळा. आमच्या यादीत पहिला अडथळा होता हातगाड्या, दुसरा रेन ट्रीची दोन मोठी झाडं आणि तिसरा बस स्टॉप. मोटारींचं नाव यादीत नव्हतं. मोटार दिवसभर रस्त्यावर उभी राहिली तर तिला अडथळा म्हणत नाहीत, डिमांड म्हणतात.

ही यादी राममूर्ती सरांनी माझ्या टेबलावर ठेवली आणि हे तिन्ही हटवल्यावर किती गाड्यांची जागा होते ते काढायला सांगितलं. मी म्हटलं, आधी सर्व्हे करायला हवा.

"कर की," सर म्हणाले. "उत्तर मात्र यादीप्रमाणेच यायला हवं."

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची. मी मूळची निपाणीची. घरात मराठी, बाजारात कन्नड, शिक्षण बेळगावला. सिव्हिल इंजिनिअर झाले, मग वाहतूक नियोजनाचा कोर्स केला आणि बेंगळूरच्या एका लहानशा कन्सल्टन्सीत लागले. आम्ही सगळे मिळून सात जण होतो. सरकारी कार्यालयांना रस्त्यांबद्दल सल्ला द्यायचं आमचं काम. सल्ला बहुतेक वेळा त्यांचाच असायचा, आम्ही त्याला स्पायरल बाइंडिंग करून द्यायचो. राममूर्ती सर आमचे मालक. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, सज्जन, कपाळाला विभूती, खिशात दोन पेनं. क्लायंट कधी चुकत नाही यावर त्यांची श्रद्धा होती. विभूतीइतकीच.

या कामातला क्लायंट म्हणजे शहरातलं एक कार्यालय. नाव सांगत नाही. शिवाजीनगरच्या बाजारातल्या एका रस्त्यावर पार्किंग नाही, अशी तिथल्या व्यापारी संघाची जुनी तक्रार होती. मारुती गाड्या वाढत चालल्या होत्या आणि रस्ता कॅन्टोन्मेंटच्या काळात होता तेवढाच राहिला होता. संघाचे अध्यक्ष रेवण्णा. त्यांचं स्टीलच्या भांड्यांचं मोठं दुकान होतं. बस स्टॉप दुकानाच्या अगदी समोर आणि त्यावर त्या दोन रेन ट्रींची सावली. स्टॉप पुढच्या चौकापलीकडे न्यावा, झाडं काढावीत, म्हणजे अकरा मोटारींची जागा होईल, हे रेवण्णांनी स्वतः पावलांनी मोजून ठेवलं होतं.

पार्किंग सर्व्हे ही साधी गोष्ट असते. रस्त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दर अर्ध्या तासाने चालत जायचं आणि उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीचा नंबर लिहायचा. कुठली गाडी किती वेळ थांबली ते त्यातून कळतं. एक जागा दिवसात किती वेगवेगळ्या गाड्यांना मिळाली, त्याला टर्नओव्हर म्हणतात. बाजारात टर्नओव्हर जास्त हवा. गिऱ्हाइकाने यावं, घ्यावं, जावं.

नंबर लिहायला ठरवलेली दोन माणसं पहिल्याच दिवशी आली नाहीत. सर म्हणाले, सुगुणाला घेऊन जा.

सुगुणाक्का आमच्या टायपिस्ट. पंचेचाळिशीच्या, एका गुडघ्यात दुखणं, केसांत रोज अबोलीचा गजरा. ऑफिसातल्या एकुलत्या एक कॉम्प्युटरवर त्यांचं राज्य होतं. सरांचं इंग्रजी स्पेलिंग त्या न बोलता दुरुस्त करायच्या, आणि ते आपलंच बरोबर होतं असं सर समजायचे. त्या यशवंतपूरकडून यायच्या, दोन बसगाड्या करून. पहिली बस त्यांना याच स्टॉपवर सोडायची आणि दुसरी इथूनच मिळायची. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पाच वर्षं शेजारच्या टेबलावर बसून मी कधी विचारलं नव्हतं. वाहतूक तज्ज्ञ होते ना मी.

आम्ही सकाळी नऊला पोचलो. हा सर्व्हे आपल्यासाठीच चाललाय म्हणून रेवण्णांनी दोन स्टुलं मांडून दिली आणि बदाम दूध पाजलं. अकरा वाजेपर्यंत आमच्या पाच फेऱ्या झाल्या. सुगुणाक्कांनी विचारलं की तोच नंबर परत परत लिहायचा की खाली दोन टिंबं दिली तरी चालतील. मी म्हटलं, टिंबं चालतील. दुपारपर्यंत कागदावर नंबर कमी आणि टिंबं जास्त झाली. तीन वाजता नवा नंबर दिसला की आम्हाला बरं वाटायचं.

गाड्या कुणाच्या, हे विचारायची गरजच पडली नाही. नऊच्या सुमाराला मालक येत, आपल्या दुकानासमोर गाडी लावत, काच वर करत आणि शटर उघडत. रेवण्णांची क्रीम रंगाची कॉन्टेसा दीड गाडीची जागा घेऊन उभी होती. सकाळची पहिली नोंद तिची आणि संध्याकाळची शेवटचीही. खरं गिऱ्हाईक मोटारीतून यायचं, जागा नाही असं बघायचं, दोन चकरा मारायचं आणि हॉर्न वाजवत निघून जायचं.

साडेतीनच्या सुमारास सुगुणाक्का म्हणाल्या, "मॅडम, बसमधून उतरतात ती माणसं कुठल्या कॉलममध्ये लिहायची?"

मी फॉर्म पाहिला. तसा कॉलम नव्हता. फॉर्म मीच बनवला होता.

मग त्यांनी कागदाच्या मागच्या बाजूला रेघा ओढल्या आणि रिकाम्या पिशव्या घेऊन उतरणारी माणसं मोजायला लागल्या. भरलेल्या पिशव्या घेऊन चढणारी वेगळी. रेवण्णांच्या दुकानातून एक बाई इडलीचं पात्र घेऊन बाहेर आली आणि झाडाखाली बसची वाट बघत उभी राहिली. सुगुणाक्कांनी तिचीही रेघ मारली. तीन दिवस आम्ही हे केलं. मागच्या बाजूच्या रेघा पुढच्या बाजूच्या नंबरांपेक्षा इतक्या जास्त झाल्या की मला आपल्याच फॉर्मची लाज वाटली.

मी प्रामाणिकपणे मसुदा लिहिला. रस्त्यावरची बहुतेक जागा दुकानदारांच्याच गाड्यांनी व्यापलेली आहे. त्यांनी गाड्या मागच्या मोकळ्या पटांगणात लावाव्यात. दुकानांपुढे एका तासाच्या वर गाडी थांबू देऊ नये. गिऱ्हाईक मुख्यतः बसने येतं, तेव्हा बस स्टॉप हलवू नये.

सरांनी तो वाचला. चष्मा काढून पुसला. मग मला समजावून सांगितलं की क्लायंटने पार्किंग मागितलंय, सल्ला नाही. मी म्हटलं, आपण सल्लागार आहोत. ते म्हणाले, "म्हणूनच. स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी."

थोडं सांभाळून घ्या, असा त्याचा अर्थ. बेंगळूरमध्ये या तीन शब्दांवर बरीचशी कामं होतात.

मी अ‍ॅडजस्ट केलं. आठव्या प्रकरणात शिफारशी असतात. त्या अशा झाल्या: ए, मागच्या पटांगणात पार्किंग बांधावं. बी, हातगाड्या हटवून रस्त्यावर पांढरे पट्टे मारावेत. सी, बस स्टॉप पुढच्या चौकापलीकडे न्यावा आणि दोन्ही झाडं काढावीत. डी, योजनेचा माहितीफलक लावावा.

एवढ्यावर भागलं असतं, पण या योजनेला एक परदेशी संस्था निधी देणार होती आणि तिची एक लांबलचक प्रश्नावली आली. त्यात एक प्रश्न असा होता की या प्रकल्पामुळे हवेतला कार्बन कमी होणार का, आणि किती. हवामान तापतंय, गाड्यांच्या धुराचाही त्यात वाटा आहे, हे आम्ही पेपरात वाचलं होतं. पण आमच्या ऑफिसात तोपर्यंत कार्बन म्हटलं की कार्बन पेपरच आठवायचा. सरांनी प्रश्नावली दोनदा वाचली. मग त्यांचा चेहरा उजळला.

त्यांचं म्हणणं असं होतं: जागा शोधत फिरणारी गाडी पेट्रोल जाळते. पार्किंग दिलं की ती फिरणार नाही. न जळलेलं पेट्रोल म्हणजे वाचलेला कार्बन. एका दिवसात मला हे आकड्यांत बसवायचं होतं.

मी बसवलं. फिरणाऱ्या गाड्या, फिरण्याची मिनिटं, मिनिटाला लागणारं पेट्रोल, असा गुणाकार केला. पार्किंग जेवढं वाढवावं तेवढा कार्बन कमी व्हायचा. जागा मिळते म्हटल्यावर आणखी लोक मोटारी काढतील, ही गोष्ट सूत्रात नव्हती. दोन मोठी झाडं जाणार, तीही नव्हती. मी सरांकडे गेले आणि म्हटलं की या हिशेबाने सगळ्या बेंगळूरचंच पार्किंग केलं तर शहरात कार्बन उरणारच नाही.

सरांनी थोडा विचार केला. "तेवढी जागा नाही आपल्याकडे," ते म्हणाले.

ते गमतीने म्हणाले नव्हते.

बस स्टॉप लांब गेला की काही प्रवासी रिक्षा करतील, काही स्कूटर घेतील, त्याने धूर वाढेल, असं एक वाक्य मी हळूच घातलं होतं. सरांनी त्यावर लाल रेघ मारली. असं कोणी विचारलेलं नाही, म्हणाले.

मग क्लायंटच्या कार्यालयात प्रेझेंटेशन झालं. मोठे साहेब, त्यांचे दोन इंजिनिअर, रेवण्णा, सर आणि मी. रेवण्णांनी सुरुवातीलाच सांगितलं की आमच्या गिऱ्हाइकांचे फार हाल होतात, म्हाताऱ्या माणसांना मोटारीतून उतरायला जागा मिळत नाही. साहेबांनी माझ्याकडे वळून सहज विचारलं की उभ्या असलेल्या गाड्यांतल्या गिऱ्हाइकांच्या किती.

सरांनी टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला. पण प्रश्न आकड्याचा होता आणि कागद माझ्या हातात होते. मी ते साहेबांपुढे ठेवले. टिंबांच्या रांगांवरून त्यांनी बोट फिरवलं आणि सगळ्यात लांब रांगेवर थांबले.

"ही कुणाची गाडी? नऊ ते आठ?"

रेवण्णांनी मान पुढे करून नंबर पाहिला. "माझी," ते म्हणाले, आणि त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. "साहेब, मीसुद्धा त्या बाजारात गिऱ्हाईकच आहे. कॉफी तिथेच घेतो, जेवण तिथेच करतो."

साहेब मोठ्याने हसले. मग सगळेच हसले. मला वाटलं, आता तरी कोणीतरी तासाची मर्यादा घालायचं बोलेल. साहेबांनी निष्कर्ष काढला तो असा: दुकानदारांच्याच गाड्या इतक्या आहेत, म्हणजे गिऱ्हाइकांची डिमांड अजून मोजलीच गेलेली नाही. तेव्हा पटांगणातलं पार्किंग दुप्पट करा. बाकी शिफारशी जशाच्या तशा. आणि मुखपृष्ठावर एखादं झाड टाका, पर्यावरणाचा विषय आहे.

परतताना गाडीत सर म्हणाले की तू चांगलं बोललीस, योजना दुप्पट झाली.

शेवटचा अहवाल सुगुणाक्कांनी दोन दिवसांत टाइप केला. छापलेली पानं तपासायला माझ्याकडे आली. आमच्याकडे शेवटच्या पानावर तीन जागा असायच्या: लिहिणारा, तपासणारा, मंजूर करणारा. पहिल्या दोन माझ्याच होत्या. मी वाचत आठव्या प्रकरणापर्यंत आले. ए, पटांगण. बी, पट्टे. सी, माहितीफलक. प्रकरण संपलं.

मी हस्तलिखित काढून पाहिलं. त्यात बस स्टॉप होता, लाल पेनाने सरांची बरोबरची खूणही होती. टाइप करताना एखादा परिच्छेद सुटतो. पण सुटलेल्या परिच्छेदानंतर डीचा सी आपोआप होत नाही.

मी सुगुणाक्कांच्या टेबलाशी गेले. त्या कॉफी पीत होत्या. पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवलेला होता. मी म्हटलं, आठव्यात एक परिच्छेद गळलाय. त्यांनी पाय खाली घेतला, फाइल उघडली, बोटं की-बोर्डवर ठेवली.

"तुम्ही सांगा, मॅडम. मी टाइप करते."

"हस्तलिखितात आहे की, अक्का."

"आहे. पण तुम्ही तोंडाने सांगा. मी एका अक्षराची चूक करणार नाही."

मी कागद धरला. इंग्रजीत वाक्य होतं, मीच लिहिलेलं. सध्याचा बस स्टॉप, एवढं वाचलं आणि थांबले. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, पडद्याकडे बघत होत्या. आवाज न चढवता त्यांनी सांगितलं की दुसरी बस चौकाआधीच वळते, तेव्हा नव्या जागेपासून ती पकडायला मोठा रस्ता ओलांडून चालत यावं लागेल. त्यांनी रविवारी चालून पाहिलं होतं, मधे दोनदा बसावं लागलं. आणि मग म्हणाल्या, "तीन दिवस मागच्या बाजूला रेघा मारल्या ना आपण? त्या सगळ्या बायका चालतील आता. सांगा, मॅडम."

मला भीती वाटत होती, ते लपवत नाही. क्लायंटने मंजूर केलेलं वाक्य आपण काढायचं, खाली आपली सही, आणि नोकरी ही एवढी एकच. शिवाय हे चुकीचंच होतं. अहवालात असं चोरून काही गाळायचं नसतं, हे मी आजही नव्या इंजिनिअरांना शिकवते. पण उभ्या उभ्या दुसरीही गोष्ट डोक्यात आली. आदल्याच दिवशी परदेशी प्रश्नावलीच्या उत्तरात कार्बनच्या त्या सूत्राखाली मी सही केली होती. तेव्हा माझा हात जरासुद्धा थांबला नव्हता.

"पानांचे नंबर बरोबर आहेत का?" मी विचारलं.

"आहेत."

"मग राहू दे."

मी तपासणाऱ्याच्या जागी सही केली. नकाशात बस स्टॉप जुन्याच ठिकाणी होता, कारण नवी जागा नक्की करायला क्लायंटचं कोणी आलंच नव्हतं. सुरुवातीच्या सारांशात 'अन्य पूरक उपाय' एवढंच होतं. सरांनी मुखपृष्ठ पाहिलं, झाडाचा हिरवा रंग स्वल्प फिका वाटतो म्हणाले, आणि मंजूर करणाऱ्याच्या जागी सही केली. सहा प्रती गेल्या. कोणी वाचल्या नाहीत.

म्हणजे तसं म्हणणं अन्यायाचं होईल. परदेशी संस्थेने कार्बनचं प्रकरण वाचलं. त्यांचा फॅक्स आला की हे काम अनुकरणीय आहे आणि इतर शहरांना दाखवायला परवानगी मिळेल का. सरांनी तो फॅक्स लॅमिनेट करून घेतला.

पुढे सात-आठ महिन्यांनी काम सुरू झालं. तोवर मोठ्या साहेबांची बदली झाली होती. पटांगणावर पार्किंग झालं, रस्त्यावर पट्टे आले. रेवण्णा रोज स्टॉप उचलायला कोणी येतं का ते बघत होते. शेवटी ते नव्या साहेबांकडे गेले. नव्या साहेबांनी फाइल मागवली, अहवाल उघडला आणि सांगितलं की बस स्टॉप हलवायची शिफारसच नाही. रेवण्णा म्हणाले, तोंडी ठरलं होतं. साहेब म्हणाले, तज्ज्ञांनी अभ्यास केलाय, त्यांनी लिहिलं नाही म्हणजे काही कारण असेल. तरी त्यांनी आमच्याकडून लेखी खुलासा मागवला.

ते पत्र आलं तेव्हा सरांनी मला बोलावलं. ऑफिसची प्रत त्यांच्यापुढे उघडी होती. त्यांनी आठवं प्रकरण एकदा वाचलं, पान उलटलं, परत मागे आले. माझ्याकडे पाहिलं. दाराबाहेर सुगुणाक्का टाइप करत होत्या, त्यांच्याकडेही पाहिलं. मी मनात राजीनाम्याचं पहिलं वाक्य जुळवत होते.

"पानांचे नंबर तर सलग आहेत," सर म्हणाले.

मी हो म्हटलं.

"म्हणजे काही गळलेलं नाही."

त्यांनी सुगुणाक्कांना हाक मारली आणि खुलासा सांगायला सुरुवात केली. विषयाच्या सर्व बाजूंचा, विशेषतः पर्यावरणाच्या अंगाचा, सखोल विचार केल्यानंतर बस स्टॉप व झाडं आहेत तिथेच ठेवणं योग्य ठरेल असं आमचं व्यावसायिक मत झालं. हे मत आंतरराष्ट्रीय पातळीवर वाखाणलं गेलं आहे. सोबत फॅक्सची प्रत. आमच्याकडून परिच्छेद गळला, असं लिहिण्यापेक्षा आम्ही शहाणे आहोत असं लिहिणं सरांना सोपं गेलं. सुगुणाक्कांनी एकही प्रश्न न विचारता ते उतरवून घेतलं. "पर्यावरण"चं इंग्रजी स्पेलिंग एकेक अक्षर सांगताना सर पुन्हा चुकले. अक्कांनी ते दुरुस्त केलं.

स्टॉप राहिला. दोन झाडांतलं एक मात्र गेलं. योजनेचा माहितीफलक त्याच्या फांद्यांमागे झाकला जात होता. फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: पर्यावरण सुधारणा प्रकल्प.

पटांगणातलं पार्किंग सहा महिन्यांत भरलं. मग व्यापारी संघाने आणखी पार्किंग मागितलं. त्याच्या अहवालाचं काम आम्हालाच मिळालं. रेवण्णांची कॉन्टेसा पटांगणात गेलीच नाही, दुकानासमोरच्या पांढऱ्या पट्ट्यात उभी राहायला लागली. पट्टा तिला लहान पडायचा.

सुगुणाक्का पुढे सहा वर्षांनी निवृत्त झाल्या. तोवर त्या त्याच स्टॉपवर बस बदलत होत्या. त्या दिवसाबद्दल आम्ही कधीच बोललो नाही. एकदा मात्र मीही त्यांच्याबरोबर बसने गेले. उतरल्यावर त्यांनी उरलेल्या झाडाखालचा कठडा पदराने पुसला आणि मला बसायला जागा करून दिली.

हल्ली ऑफिसात टायपिस्ट नसतात. व्हाइटफील्डच्या इमारतींच्या तीन-तीन तळघरांतल्या पार्किंगचे अहवाल मी स्वतःच टाइप केलेत, आणि त्या प्रत्येकात कार्बन कमी झालेला आहे. टाइप करण्याच्या चुका आता होत नाहीत. त्यामुळे शिफारस केलेले बस स्टॉप अगदी वेळेवर हलतात.